धूर तोच, मग थंडीतच दम का लागतो?

कार्तिक संपत आला की सरकारी दवाखान्यात खोकला आणि दमवाल्यांची रांग वाढते. वॉर्डात नोकरी करताना ही रांग मी दर वर्षी पाहिली. आता नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये फिरताना तीच माणसं घरी भेटतात. बाया विचारतात, "सिस्टर, चूल तर बारा महिने पेटते. मग दम दिवाळीनंतरच कसा धरतो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. "थंडी बाधली" हे त्याचं अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं उत्तर आपल्या डोक्यावरच्या हवेत आहे. ते समजलं तर घरातल्या लेकराचा आणि म्हाताऱ्या माणसाचा त्रास बराच कमी करता येतो, आणि त्यातल्या पुष्कळ गोष्टींना पैसा लागत नाही.

तथागतांनी शिकवलं की कोणतीही गोष्ट एकट्या कारणाने घडत नाही. कारणं आणि परिस्थिती जुळून आल्या की ती घडते, आणि त्यातली एक काढून घेतली की थांबते. हवेच्या प्रदूषणाचंही तसंच आहे. धूर हे कारण आणि हवामान ही परिस्थिती. हवामान आपल्या हातात नाही, पण ते ओळखून धूर कधी, कुठे आणि किती करायचा हे बरंचसं आपल्या हातात आहे.

हवेवरचं झाकण

दिवसा ऊन जमिनीला तापवतं. जमिनीला लागलेली हवा गरम होते, हलकी होते आणि वर जाते. वरची थंड हवा तिच्या जागी खाली येते. पातेल्यातलं पाणी उकळताना जसं वर-खाली होतं, तशीच हवा दिवसभर घुसळत असते. चुलीचा, गाड्यांचा, कारखान्याचा धूर या घुसळणीत उंच जातो, पसरतो आणि विरळ होतो. वैशाखातल्या दुपारी ही घुसळण दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचते.

हिवाळ्याच्या रात्री उलटं होतं. आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे जमिनीतली उष्णता भरभर निघून जाते. जमीन गार पडते आणि तिला चिकटलेली हवाही गार पडते. गार हवा जड असते, ती तळाशी बसते. तिच्यावर त्या मानाने उबदार हवेचा थर राहतो. एरवी जसजसं वर जावं तसतशी हवा गार होत जाते, दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी. थंडीच्या रात्री मात्र खाली गार आणि वर उबदार अशी उलटी मांडणी होते. शास्त्रज्ञ याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात. आपण साध्या भाषेत "झाकण" म्हणू.

हे झाकण कधी कधी जमिनीपासून शंभर-दोनशे मीटरवरच असतं. संध्याकाळी सूर्य मावळला की ते बसायला लागतं, पहाटे सगळ्यात घट्ट असतं, आणि सकाळी ऊन चढलं की नऊ-दहाच्या सुमारास उघडू लागतं. तोवर वस्तीत निघालेला सगळा धूर त्याच्याखालीच कोंडून राहतो. उंच छपराच्या घरात आणि ठेंगण्या छपराच्या खोलीत सारखाच जाळ केला, तर डोळे कुठे जास्त झोंबतील? हिवाळ्याच्या रात्री अख्ख्या गावाचं छप्पर ठेंगणं होतं.

हे तुम्ही स्वतः पाहू शकता. एप्रिलच्या दुपारी चुलीचा धूर वर चढून दिसेनासा होतो. डिसेंबरच्या संध्याकाळी तोच धूर घरांच्या पत्र्यांवर चादरीसारखा आडवा पसरतो आणि तिथेच तरंगत राहतो.

वारा, ओलावा, पाऊस आणि ऊन

झाकणाबरोबर आणखी चार गोष्टी पाहाव्या लागतात.

वारा: जोराचा वारा धूर वाहून नेतो. पाऊस परतला की मराठवाड्यात वारा पडतो. हिवाळ्यात तो बहुतेक पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून आणि मंद येतो, तर पावसाळ्यात पश्चिमेकडून आणि जोरात. म्हणून कचऱ्याचा ढीग किंवा वीटभट्टी वस्तीच्या पूर्वेला असेल तर तिचा त्रास थंडीत जास्त होतो. मुंबईला समुद्रावरून रोज वारा येतो आणि शहराची हवा थोडीफार धुऊन निघते. आपल्याकडे समुद्र नाही. शिवाय रात्रीची गार, जड हवा पाण्यासारखी उताराने वाहत सखल भागात साचते. नांदेडला गोदावरीकाठच्या आणि नाल्याकाठच्या घरांत पहाटे धूर-धुकं जास्त का दाटतं, ते यावरून समजेल.

ओलावा: हवेत दमटपणा वाढला की धुराचे बारीक कण पाणी शोषून फुगतात. धुकं आणि धूर मिळून काळपट, जड हवा होते. अशी सकाळ डोळ्यांना "छान धुकं" वाटते, पण छातीला ती छान नसते.

पाऊस: पाऊस हवेतली धूळ खाली बसवतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवा सगळ्यात स्वच्छ. पण त्याच दिवसांत सरपण ओलं असतं आणि दारं-खिडक्या बंद. बाहेर हवा धुतलेली आणि घरात धूर कोंडलेला, असं होतं. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला पावसाळ्यात सुटका नसते.

ऊन: उन्हाळ्यात झाकण नसतं, धूर उंच जातो. पण कोरड्या रानातली आणि रस्त्यावरची धूळ वावटळीबरोबर उठते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा दुष्काळी सालात जमीन उघडी पडते आणि धूळही जास्त उडते. शिवाय गाड्यांच्या धुरातल्या वायूंवर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन नावाचा वायू तयार होतो. दुपारी तो दमेकऱ्यांची छाती आवळतो. म्हणजे उन्हाळा निर्धोक आहे असं नाही, त्याचा धोका वेगळा आहे.

नेमकं तेव्हाच आपण काय काय जाळतो

झाकण नोव्हेंबर ते फेब्रुवारी बसतं, आणि मराठवाड्यात जाळायच्या बहुतेक गोष्टी त्याच महिन्यांत जाळल्या जातात. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम तेव्हाच असतो. उसाचं पाचट पेटवलं जातं. पावसाळ्यात बंद असलेल्या वीटभट्ट्या पुन्हा पेटतात. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या घरात सरपण म्हणून येतात. पहाटे आंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटतो. रात्री गल्लीत शेकोटी असते आणि तिच्यात टायर, चपला, प्लास्टिकच्या पिशव्याही जातात. सफाई करताना जमलेला कचरा कोपऱ्यावर पेटवून दिला जातो.

आणि या धुराजवळ कोण उभं असतं? पहाटे पाचला रस्ता झाडणारी बाई, भट्टीवरचं कुटुंब, ऊसतोडीला गेलेला भाऊ, चुलीपुढे बसलेली आई. यांतली बरीच माणसं आपल्याच घरातली आहेत. हवा सगळ्यांची एक आहे असं म्हणतात, पण ठेंगण्या पत्र्याखाली आणि कचऱ्याच्या ढिगाजवळ राहणाऱ्याच्या वाट्याला तिचा वाईट भाग येतो.

लंडन आणि भोपाळ

हवामानाने धुराचं विष कसं होतं, याचं जगातलं मोठं उदाहरण लंडनचं आहे. 5 डिसेंबर 1952 रोजी त्या शहरावर हवेचं झाकण बसलं आणि वारा थांबला. कोळशाच्या शेगड्या आणि चिमण्या रोजच्यासारख्याच पेटत होत्या. धूर मात्र वर जाईना. 9 डिसेंबरला वारा सुटेपर्यंत माणसाला समोरचा रस्ता दिसत नव्हता. त्या काळातल्या मोजणीत सुमारे 4000 जादा मृत्यू धरले गेले, पुढच्या अभ्यासांनी हा आकडा 12000 पर्यंत नेला. सगळ्यात जास्त मेली ती म्हातारी माणसं, लहान मुलं आणि छातीचे रुग्ण. तिथल्या सरकारने नशिबाला बोल लावून विषय सोडून दिला नाही. 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. वाऱ्यावर कायदा चालत नाही, धुरावर चालतो.

आपल्या देशातलं भोपाळ तर सगळ्यांना आठवतं. 2 आणि 3 डिसेंबर 1984 मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हवेपेक्षा जड वायू, थंडीची रात्र आणि मंद वारा. वायू जमिनीलगत सरकत गेला तो कारखान्याला लागून असलेल्या गरिबांच्या वस्त्यांवर. तो अपघात होता, रोजचा धूर नव्हता. पण वारा कोणत्या दिशेला आहे आणि हवा खाली दबलेली आहे का, हे वस्तीला माहीत असणं किती मोलाचं आहे, हे त्यातून कळतं.

छातीत काय होतं

धुरातले सगळ्यात घातक कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे. नाकातले केस आणि शेंबूड मोठी धूळ अडवतात. हे कण थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या फुग्यांत पोहोचतात आणि त्यांतले काही रक्तात उतरतात. म्हणून धुराने खोकला आणि दमाच होतो असं नाही. हृदयविकाराचा झटका आणि लकवा यांचा धोकाही वाढतो. गरोदर बाई धुरात राहिली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते. लहान मुलांना न्यूमोनिया लवकर धरतो. आयुष्यभर चूल फुंकलेल्या बाईची फुफ्फुसं बिडी ओढणाऱ्यासारखी होऊ शकतात, तिने कधी बिडीला हात लावलेला नसला तरी.

ही लक्षणं दिसली तर घरी बसू नका

लेकरू शांत असताना त्याचं पोट-छाती पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचं 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं 40 किंवा जास्त श्वास घेत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील, बाळ दूध ओढत नसेल, तर क्षणभरही थांबू नका.

मोठ्या माणसाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, पंप घेऊनही दम कमी होत नसेल, छातीत दाबल्यासारखं होत असेल, तर 108 ला फोन करा.

आणखी एक धोका जीवघेणा आहे. थंडीच्या रात्री शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं बंद खोलीत घेऊन झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो, आणि झोपलेलं माणूस झोपेतच जातं. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी ही त्याची सुरुवात. घरातल्या दोघा-तिघांना एकदम असं झालं तर आधी सगळ्यांना उघड्यावर आणा.

घरात काय करता येईल

1. उज्ज्वला योजना 2016 साली आली, टाकी घरोघर पोहोचली, पण भरून आणायला पैसे पुरत नाहीत हे मला माहीत आहे. गॅस थोडाच असेल तर तो पहाटे आणि सूर्यास्तानंतर वापरा. चुलीचं काम दुपारी उरका. झाकण उघडं असताना केलेला धूर वर जातो.

2. थंडीत संध्याकाळचा स्वयंपाक दिवस मावळायच्या आत आटोपता आला तर पाहा. सांजेचा आणि पहाटेचा धूर सगळ्यात जास्त कोंडतो.

3. म्हाताऱ्यांची आणि लेकरांची आंघोळ दुपारी ठेवा. उन्हात ठेवलेलं पाणी कोमट होतं, बंब पेटवावा लागत नाही.

4. सरपण वाळलेलंच वापरा. चूल पेटवायला प्लास्टिक, रबर, रंगवलेलं लाकूड घालू नका. चूल दाराबाहेर किंवा खिडकीशी घ्या, आणि पेटलेली असताना तान्हं बाळ मांडीवर घेऊन तिच्यापुढे बसू नका.

5. दारं-खिडक्या दुपारी 11 ते 4 उघड्या ठेवा. धूर घरात असेल तर उघडा, बाहेर दाटला असेल तर लावा.

6. पहाटे पाचला फिरायला जाण्याची सवय थंडीत बदला. ऊन वर आल्यावर जा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरा-पोरींनीही धावणं शक्य तर उशिरा ठेवावं.

7. दमेकऱ्याने डॉक्टरांनी दिलेला पंप थंडी सुरू व्हायच्या आधीच नियमित करावा. त्रास नाही म्हणून मध्येच सोडू नये.

आपले सण, आपला विहार

बंद विहारात मेणबत्त्या आणि अगरबत्त्यांचा धूर होतो, आणि पुढच्या ओळीत लेकरं आणि आजी बसलेल्या असतात. वंदनेसाठी एक मेणबत्ती आणि एक अगरबत्ती पुरेशी आहे. खिडक्या उघड्या ठेवा. फुलं वाहिली तरी आदर तितकाच राहतो.

6 डिसेंबरला नांदेड-लातूरहून हजारो माणसं चैत्यभूमीला जातात आणि शिवाजी पार्कवर रात्र काढतात. मैदानाची लाल धूळ, गर्दी आणि मुंबईची डिसेंबरमधली हवा यांचा दमेकऱ्यांना त्रास होतो. पंप आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या तळाशी नको. एन-95 मास्क नाकाला घट्ट बसवून लावा. साधा रुमाल मोठी धूळ अडवतो, बारीक कण अडवत नाही.

13 एप्रिलच्या मध्यरात्री जयंतीचे फटाके वाजतात. रात्रीची हवा एप्रिलमध्येही दिवसाइतकी घुसळत नाही, धूर गल्लीतच राहतो. तो पैसा अभ्यासिकेला किंवा वस्तीतल्या एखाद्या रुग्णाच्या औषधाला दिला तर जयंती अधिक शोभेल.

ऐकीव गोष्टी तपासून घ्या

"गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघते." गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात असते. दोन्हींचे रस्ते वेगळे.

"पंपाची सवय लागते." लागत नाही. पंपातलं औषध थेट छातीत जातं, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रेत काम होतं.

"कडुनिंबाचा पाला जाळला की हवा शुद्ध होते." डास थोडे पळतील, पण धूर तो धूरच.

वस्तीने मिळून काय करावं

घरातली काळजी पुरेशी नाही, कारण शेजारचा कचराढीग आपल्या खिडकीला विचारत नाही.

देशाचं मानक सांगतं की अडीच मायक्रॉनचे कण 24 तासांच्या सरासरीत एका घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा फक्त 15 आहे. 2019 साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. मानकं पाळू न शकलेल्या शहरांच्या त्याच्या यादीत लातूरचं नाव आहे. म्हणजे आपला खोकला हा आपला भ्रम नाही, सरकारच्या कागदावर तो नोंदलेला आहे.

उघड्यावर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांनी मनाई केली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने असा जाळ करणाऱ्याला 5000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25000 रुपये दंड ठरवला. 1991 साली सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बाबासाहेबांच्या संविधानाने दिलेला हा हक्क आपल्या श्वासापर्यंत पोहोचतो.

हक्क मागायला पुरावा लागतो. महिला मंडळाने आणि शाळेतल्या मुलांनी एक वही करावी. आठ दिवस, रोज चार वेळा: सकाळी 6, दुपारी 1, सायंकाळी 6, रात्री 9. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा. धूर वर जातो की आडवा पसरतो? काठीला बांधलेला दोरा कोणत्या दिशेला उडतो? कुठे काय जळत आहे? वस्तीत त्या दिवशी कोणाला दम लागला? शक्य असेल तिथे तारीख-वेळेसह फोटो घ्या. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या "समीर" ॲपवर जवळच्या केंद्राचा आकडा पाहावा. 100 पर्यंत ठीक. 200 च्या वर गेला की हवा वाईट, 300 च्या वर अति वाईट. पण केंद्र दूर असेल तर आपल्या गल्लीचं खरं सांगणारी आपली वहीच.

ही वही जोडून महानगरपालिकेला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. मागण्या नेमक्या असू द्या: कचरा रोज उचलावा आणि जाळणं बंद करावं. हिवाळ्यात रस्ते झाडण्याची वेळ ऊन आल्यानंतरची ठेवावी. झाडण्याआधी पाणी शिंपडावं. सफाई कामगारांना एन-95 मास्क आणि छातीची तपासणी मिळावी. वस्तीच्या वाऱ्याकडच्या बाजूला नवी भट्टी किंवा कचराडेपो नको.

आणि हे मागताना आपल्या गल्लीतली टायरची शेकोटी आधी विझवा. मग अर्जाला वजन येतं.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर हे पान विहारात मोठ्याने वाचा, वही कोण लिहिणार ते तिथेच ठरवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पहिली नोंद करा.

जयभीम. नमो बुद्धाय.